सतरा नंबरचा फत्तर

सर्वेचा तळ, अहेरीच्या पुढे
ता. १२ फेब्रुवारी १९५७

प्रिय सुगंधाबाई,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा हाव. मायचा खोकला कसा हाय? तळ्यात मासोळी लागून राह्यली का? हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको. जमेल तसं तूच वाच.

इथी मी सर्वेच्या साहेबाची फत्तरांची थैली वाहतो. साहेब हरेक फत्तरावर रंगानं नंबर टाकते. तळाजवळ सडकेच्या गिट्टीची खदान हाय, तिथला फत्तर ग्रॅनाइट. दुसरा बसाल्ट. दोन्ही धरतीच्या पोटातल्या पातळ विस्तवाचे. ग्रॅनाइट पोटातच राह्यला, लाखो वर्सं हळूहळू थंडावला, म्हणून त्याचे पांढरे-गुलाबी दाणे नुसत्या डोळ्याले दिसते. बसाल्ट फुटून वर आला अन् भसकन थिजला. दाणे वाढाले वेळच भेटला नाई, म्हणून काळा अन् बारीक.

मी म्हणलं, "साहेब, तुम्ही पाहाले होते का?" खूप हासला.

बसाल्ट वरोऱ्याकडचा, इथी नाई. थैलीत एकच होता, सतरा नंबरचा.

खदानीचा मुकादम रामाजी मेला. सारे म्हणत, कड्यावरून पडला. पण डोक्याच्या जखमेत काळी कपची भेटली. साहेबानं ती पाह्यली अन् पोलिसाले म्हणला, "हा दगड या खदानीतला नाही. कोणीतरी मारलं आहे." मुखरू नावाच्या मजुराचं रगत तिथंच सांडलं होतं. त्याले धरून नेलं.

मग साहेबानं मले विचारलं, "इसरू, सतरा नंबर कुठे?" मी म्हणलं, नदीत पडला. तवापासून साहेब मले फत्तर शिकवत नाई.

बाई, मी मारलं.

रामाजी लोखंडी सब्बलनं मुखरूले झोडपून राह्यला होता. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. आडवा गेलो त मले म्हणे, "सर रे ढिवरा, मासोळ्या धर जाय," अन् खांद्यावर हाणलं. थैलीत हात घातला, जो आला तो फत्तर घातला त्याच्या डोक्यात. तो खाली बसला. हात जोडून म्हणला, "इसरू, बस झालं बाबू." मुखरू भी म्हणला, "सोड त्याले." तरी मी आणखी दोन घाव घातले. पहिला मुखरूसाठी होता. ते दोन माह्यासाठी. मले बरं वाटलं, बाई.

चार दिवसांपासून ठाण्यात मुखरूले मारून राह्यले. तळव्याची कातडी निघाली. माहं नाव त्यानं घेतलं नाई. काल त्याची बायको सुकरी भेटून आली. म्हणे, "त्यानं सांगितलं, इसरूले म्हण, पळ."

पळणं मले जमते. शाळेतून पळालो, चांद्याच्या कोळशाच्या खदानीतून पळालो, तुह्या लग्नातूनही पळालो. उद्या सकाळी लपवलेला फत्तर घेऊन ठाण्यात जातो. पण माह्या पायाचा मले भरवसा नाई. आठ दिवसांत मुखरू सुटल्याची खबर नाई आली त समज, मी गेलोच नाई. मंग हे पत्र घेऊन तू ये. रडत बसू नको, चुलीत टाकू नको. ठाणेदाराच्या हातात दे. म्हणून खाली पुरं नाव लिहितो.

तुहा लहान भाऊ,
इसरू काशिराम मारबते