मंजुरीसाठी एक झटका

३ जून
फोन भिंतीवर फेकून मारला. फुटला. बरं झालं!

बाहेर बाकांवर पेशंट ताटकळलेले, आणि मी आत विमा कंपनीचं भिकार संगीत ऐकत बसलेली. शेवटी त्यांचा डॉक्टर लाइनवर आला. अगदी मधाळ आवाज. "मॅडम, सध्याच्या गोळीवर पेशंटचे फिटचे झटके थांबलेत ना? मग गोळी लागू पडतेय की!"

लागू पडतेय! झटके थांबले, पण त्या गोळीने माझा हा गरीब स्वभावाचा सुतार पेशंट चवताळलाय. काल बायकोचं मनगट मोडलं. दुसऱ्या स्वस्त गोळीने अंगभर पुरळ उठून तो मरता मरता वाचला होता. उरली ती महागडी, आणि तिला यांची मंजुरी हवी. "मारहाण आमच्या निकषांत बसत नाही हो." त्या माणसाचा गळा आवळावासा वाटला. खरंच.

६ जून
पुन्हा नकार. पुन्हा पत्र. तपासायला वेळ उरत नाही, नुसती कारकुनी! नव्या पेशंटना मंजुरी लागणारं औषध मी हल्ली लिहीतच नाही. हात आपोआप दुसऱ्या गोळीकडे वळतो. डॉक्टर कोण — मी की ते?

घरी ताट आपटलं. मुलगी म्हणाली, "आई, तूपण ती चिडायची गोळी घेतेस का?" नवरा हसला. मी त्याच्यावरही खेकसले.

९ जून
सुताराची बायको आली. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून बंद.

"माहेरी जा काही दिवस," मी म्हटलं.

"मी गेले तर त्यांना गोळ्या कोण देणार? शांत झाले की पाया पडून रडतात हो. माणूस वाईट नाही."

गोळी कमी करावी तर झटक्याची भीती. माझं डोकं फिरलेलं. बोलून गेले, "एक झटका आला असता ना, तर दुसऱ्या दिवशी मंजुरी आणली असती!"

"एकच?"

"एकच पुरतो त्यांना."

पदराने ओठ पुसत गेली.

१३ जून
सुताराला झटका आला! भर दुपारी, जिन्यात. वरून खालपर्यंत गडगडत आला. कवटी फुटलीय, मेंदूत रक्तस्राव. कपडे रक्ताने थबथबलेले.

त्याला आत नेलं आणि मी आधी काय केलं? विमा कंपनीला कळवलं — गोळी निष्फळ. संध्याकाळी मंजुरी! टेबलावर मूठ आपटून ओरडले, "जिरवली!" नर्स बघतच राहिली. लिहितानाही लाज वाटतेय.

१४ जून
पहाटे गेला.

१५ जून
त्याचा धाकटा भाऊ आला. दाराची काच फोडली, स्टूल भिरकावलं, टेबलावरून झेप घेऊन माझा गळा धरला. "तुमच्या गोळ्यांनी मारलं माझ्या भावाला!" डोळ्यांपुढे अंधारी आली. मीही त्याच्या पोटात लाथ घातली — जीव खाऊन. वॉर्डबॉयने ओढून काढलं त्याला. सुताराची बायको दारात उभी होती.

पोलिसांत जाणार आहे. सोडणार नाही त्याला!

१८ जून
ती एकटीच आली. बसली नाही. "तुम्ही एकच म्हणाला होतात म्हणून... तीन दिवस मी त्यांना गोळ्या दिल्याच नाहीत. दिराला सांगू का?"

नको म्हटलं. तक्रार मागे घेतली. त्याने गळा बरोबर धरला होता.