कोमट तेल

माय, आज परभणीला कान दाखवायला गेले होते. तपासणाऱ्या पोरीनं फॉर्म भरता भरता विचारलं, डावा कान कशानं गेला? मी सांगून टाकलं, लहानपणी आईनं तेल घातलं होतं. चहात साखर किती असं कुणी विचारावं, इतक्या सहज सांगितलं. तिनं मान हलवून लिहून घेतलं. बाहेर आले आणि पायरीवरच बसले. तू जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी अजून ते तुझ्याच नावावर खपवतेय.

मी नववीत होते. ताडकळसच्या आमच्या शाळेत बेसबॉल आला तेव्हा तू सरांना विचारलं होतंस, "पोरी दांडकं घेऊन काय करनार हाईत?" सर हसले होते, मी मात्र लाजेनं मेले होते. एका सामन्यात दुसऱ्या बेसकडे पळताना ढिलं हेल्मेट डोक्यावरून निसटलं आणि कॅचरनं फेकलेला बॉल थेट डाव्या कानावर बसला. कानातून रक्त आलं. सर म्हणाले, दवाखान्यात जाऊ. मीच नको म्हणाले, कारण दुसऱ्या दिवशी पुढचा सामना होता. घरी येईपर्यंत कान ठणकायला लागला. तुला फक्त बॉल लागला म्हणून सांगितलं, रक्ताचं नाही. तू लसूण टाकून तेल कोमट केलंस, माझं डोकं मांडीवर घेतलंस. "हालू नको, आत्ता उतरंल." गल्लीतल्या लेकरांचा कान दुखला की त्यांच्या आया तुझ्याकडेच तर यायच्या. मांडीवर माझा डोळा लागला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि आपण परभणीला गेलो. डॉक्टर सगळ्यांसमोर तुझ्यावर खेकसले, कानात तेल घालतं का कुणी? तू पदराचं टोक धरून उभी. मग तू औषधं आणायला खाली गेलीस, आणि त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून मला दाखवला. हाडाला चीर गेलीय, आतली नस बॉल लागला तेव्हाच गेली. तेलानं पू झाला, तो औषधानं जाईल. ऐकू येणं काही तेलानं गेलेलं नाही. तू वर आलीस तेव्हा मी गप्प होते. एसटीत सांगू म्हटलं, मग घरी गेल्यावर सांगू म्हटलं.

दोन महिन्यांनी मी खेळायला जायला बूट बाहेर काढले, तर तू चुलीपाशीच म्हणालीस, "बास झाला तुजा बॉल. कान गेला, आता काय डोळा घालवायलीस?"

"बॉलनं न्हाई गेला कान," मी म्हणाले. "तुज्या तेलानं गेला. डॉक्टर तुलाच बोलले की."

तुझे हात पिठात होते, ते तसेच राहिले. सकाळी बघते तर माझा खेळायचा ड्रेस धुऊन दोरीवर वाळत होता. त्यानंतर तू मला कधीच अडवलं नाहीस. आणि खेळले किती, तर दोन वर्षं. मग बारावी आली आणि बॉल सुटला तो सुटलाच. तेवढ्या दोन वर्षांसाठी मी तुझ्याशी असं वागले.

त्यानंतर तू कुणाच्याच लेकराला औषध दिलं नाहीस. माझी मुलगी कानाला हात लावून रडत होती तेव्हा तू हात मांडीखाली दाबून बसलीस. "म्या न्हाई हात लावनार. दवाखान्यात न्या," म्हणालीस. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. नवरा शेजारी होता, त्याच्यासमोर कसं बोलायचं, म्हणून राहिलं.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात एकटीच तुझ्यापाशी होते. तू खुणेनं मला माझा चांगला कान तुझ्याकडे येईल असं बसायला लावलंस. "तुजा कान म्या घालवला. लय वाईट वाटतंय. मनात ठिवू नको." खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि वेळही भरपूर होता. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "जाऊ दे माय. मी कवाच माफ केलं तुला." तू डोळे मिटलेस, चेहरा किती शांत झाला तुझा. हे मी कुणालाच वाचायला देणार नाही, म्हणून लिहिते. तुला माफ करताना मला बरं वाटलं होतं.