पुन्हा न लागणारे झाकण

आदरणीय बाबांस, मिलानहून देसांकाचा नमस्कार.

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. मार्चमध्ये मी घडवलेल्या बरणीच्या झाकणाला पारितोषिक मिळाले. एप्रिलमध्ये मुरंब्याच्या बारा बरण्या तुम्हाला पाठवल्या. एकदा उघडल्यावर ते झाकण पुन्हा हवाबंद होत नाही. उघडलेली बरणी कोणी नवी म्हणून विकू नये, हाच हेतू. सप्टेंबरमध्ये आईने त्याच बरण्यांत हिवाळ्यासाठी भाजलेल्या मिरच्या भरल्या. फोनवर म्हणाली, "अगं शहाणे, तुझी एवढी देखणी बरणी टाकवते का?" मी सुखावले आणि बजावलेच नाही. रविवारी त्याच मिरच्या खाऊन ती इस्पितळात गेली.

माझी काळजी नको. उरलेल्या बरण्या जमिनीत पुरून टाकल्यात, हे बरे केलेत.

"आई ठणठणीत आहे गं," असे तुम्ही रोज सांगता. ती मात्र फोनवर येत नाही. ती रागावली आहे, की विषबाधेने जीभ लुळी पडून तिला बोलताच येत नाही? डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे, लेखी कळवा.

देसांका