खांब पुन्हा डावीकडे वळवण्याबाबत

मी, डॉ. रजनी अनंत कापशीकर, वय वर्षे बाहत्तर, धंदा दंतवैद्यक (चालू, बंद झाल्याचे जे सांगितले जाते ते मला न विचारता सांगितले जाते), राहणार पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळ मी हल्ली कोणाला बसू देत नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी एकाला ती जरा कमी असती तर बरे झाले असते असे वाटणार आहे. हा कागद मी टाइप करून घेतलेला नाही. सगळा माझ्या हाताने, म्हणजे डाव्या हाताने, लिहिला आहे. अक्षर कुठे हलले आहे का, ते ज्याला पाहायचे त्याने भिंग घेऊन पाहावे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझा दवाखाना माझ्या दिरांचा मुलगा डॉ. सलील शरद कापशीकर याला दिला होता. ते या कागदाने रद्द झाले असे समजावे. त्याची एक प्रत सलीलकडे आहे आणि तो ती जपून ठेवतो.

वकील श्रावण जिरापुरे यांनी मला समजावून सांगितले की मॅडम, मृत्युपत्रात कारणे द्यायची नसतात आणि भांडण तर नाहीच नाही. त्यांचे कायद्याने बरोबर असेल. पण कारणे दिली नाहीत तर उद्या लोक म्हणतील, म्हातारीचे कोणीतरी कान भरले. म्हणून कारणे देते. माझे कान मी स्वतःच भरले आहेत.

पहिले कलम, दवाखान्याचे.

बसस्टँडच्या रस्त्यावरचा गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात एक खुर्ची आहे आणि खुर्चीच्या बाजूला एक लोखंडी खांब. खांबावर चार दांड्या आहेत. त्यांवरून नळ्या येतात आणि नळ्यांच्या टोकाला हत्यारे: दोन ड्रिल, एक दात साफ करायचे, एक हवा-पाण्याची पिचकारी. प्रत्येक दांडीच्या बुडाशी स्प्रिंग आहे. हत्यार पुढे ओढले की दांडी वाकून सोबत येते आणि नळीचे वजन आपल्या अंगावर घेते. हत्यार सोडले की आपली आपण जागेवर जाते. मनगटाला फक्त हत्यार धरायचे काम उरते. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसणाऱ्याला याचे मोल कळते. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिले आहे, आम्ही दांड्याच म्हणतो.

मी डावखुरी आहे. नागपूरला कॉलेजात सगळ्या खुर्च्या उजव्या हाताच्या होत्या. मी डावीकडे बसून, पेशंटच्या छातीवरून नळ्या ओढून काम शिकले. लग्न होऊन पुसदला आले तर अनंत यांच्या दवाखान्यातही तीच तऱ्हा. बायकांच्या मंगळसूत्रात नळी अडकायची, माझे मनगट संध्याकाळी सुजून यायचे, आणि अनंत पेशंटना सांगायचे की मॅडम फक्त दात साफ करतात. माणूस वाईट नव्हता. गप्प होता, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

मग हैदराबादचा एक दवाखाना बंद झाला, तिथून मी हा खांब आणि दांड्या आणवल्या. कारण एकच, खांब फिरता होता. डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. पांढरकवड्यामार्गे तो ट्रकमध्ये घेऊन आले धनसिंग चव्हाण. त्यांची स्वतःची दाढ ठणकत होती. खांब बसला त्या दिवशी पहिले पेशंट तेच. बाहेर बसलेल्या एका शहाण्याने त्यांना अडवले की या बाई डाव्या हाताने दात काढतात, अपशकुन असतो. धनसिंग म्हणाले, "डाव्या हातानं काढा का पायानं काढा, बाई. मायावाला ठनका गेला पायजे." ठणका गेला. मग त्यांच्या तांड्यावरून, आणि शेजारच्या तांड्यांवरून, माणसे माझे नाव विचारत येऊ लागली.

सकाळी मी आणि दुपारून अनंत, असे आम्ही त्याच खुर्चीवर काम केले. दुपारी ते आत आले की खांबाची कळ सैल करून तो उजवीकडे वळवत. सकाळी मी पोचायच्या आत तो पुन्हा डावीकडे आलेला असे. वळवून ठेवा असे मी कधी म्हटले नाही, वळवला म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही. आमच्या संसारात याहून गोड बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. ते गेले त्या सकाळी खांब डावीकडेच होता.

दुसरे कलम, सलीलला काहीही न देण्याचे.

सलीलला मी माझ्या दवाखान्यात घेतले, माझे पेशंट दिले, माझ्या नावाखाली त्याच्या नावाची पाटी लावली. मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरला होते. तेवढ्यात त्याने वास्तूचा एक जाणकार आणला. डावीकडून येणारे शस्त्र भरभराट अडवते, असे त्या जाणकाराने सांगितले. त्याच्या स्वतःच्या खालच्या दाढा किडलेल्या होत्या असे मला नंतर कळले. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, खांब उजवीकडे वळवला, आणि तो पुन्हा फिरू नये म्हणून गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या माणसाला बोलावून बुडाशी वेल्डिंग करून टाकले. वेल्डिंगवर हळदकुंकू वाहिले. मी तोवर नागपूरहून येऊन घरी पडून होते, मला फोटो पाठवला.

दिवाळीनंतर मी कामावर गेले. मी डावीकडे बसणार, दांड्या उजवीकडे. ड्रिल धरून दांडी पेशंटवरून पलीकडून ओढायची. स्प्रिंग जितकी जास्त ताणावी तितकी ती जोराने मागे खेचते, हे शाळेतल्या पोराला कळते. ती माझा हात मागे खेचत होती आणि मी पुढे धरून होते. अशा हाताला कंप येणारच. सलील मागे उभा होता. पेशंटचे तोंड उघडे असताना तो म्हणाला, "मोठी आई, हात थरथरून राह्यला तुमचा. द्या माझ्याकडे." आणि माझ्या हातातले ड्रिल काढून घेतले.

मला त्याचा राग त्या दिवशी आला नाही. लाज वाटली. ती लाज मी घरी घेऊन गेले आणि माझा हात खरेच गेला, असे कित्येक दिवस धरून बसले. त्याला क्षमा न करण्याचे कारण हे आहे. वेल्डिंग नव्हे.

पुढे माझी मदतनीस नंदाबाई हिने मला सांगितले की काउंटरवर येईल त्याला तो तेच सांगतो. तिचे शब्द देते: "सलील सर म्हन्तेत, मॅडमचा हात आता हालते, कोनाच्या जिवाशी कायले खेळ. म्या म्हन्लं, हात नाही हालत जी, थे दांडीच ओढून राह्यली. तं म्हने, तुमी झाडू पाहा." ऑपरेशन गुडघ्याचे झाले आणि साऱ्या पुसदमध्ये निकामी हात ठरला. खांब का वेल्ड केला, असे मी सलीलला विचारले. म्हणाला, हलत होता. तो हलावा म्हणूनच मी तो हैदराबादहून आणला होता, हे मी त्याला सांगितले. तो फोनवर बोलत बाहेर गेला.

वकील म्हणतात, भांडण समोरासमोर करायचे असते. करायला समोरचा माणूस थांबावा लागतो. मेलेल्या माणसाचे मात्र लोक शेवटपर्यंत ऐकून घेतात.

तिसरे कलम, स्पृहाचे.

स्पृहा ही सलीलची मुलगी, सज्ञान, नागपूरला दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती जन्माची डावखुरी आहे. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. लहानपणी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देताना मी सलीलला पाहिले आहे. आता कॉलेजात तिचे काम पुन्हा कर म्हणून परत येते. सलील म्हणतो, पोरीच्या हातात कसब नाही, लाइन बदलू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. प्लास्टरमध्ये बसवलेला एक दात मी तिला दिला. उजव्या हाताने तिने कोरला तो उंदराने कुरतडल्यासारखा झाला. मी म्हटले, डाव्याने धर. तिने आधी दाराकडे पाहिले. मग धरला. जो खड्डा तिने कोरला तो मी विद्यार्थी असताना मला जमला नव्हता, आणि मी कोणाची खोटी स्तुती करत नाही हे पुसद जाणते. ती त्या दाताकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिली. म्हणाली, "आजी, हे बाबांना नका सांगू." मी सांगितले नाही. आता या कागदाने सांगते.

सलीलचा बेत मला ठाऊक आहे. मी गेले की दांड्या भंगारात आणि नवी खुर्ची, तीही उजव्या हाताची. तसे झाले तर या जिल्ह्यात त्या पोरीला बसायला जागा नाही, आणि तिचा हात कायमचा गेला. माझा गेला असे नुसते सांगण्यात आले. तिचा खरेच जाईल. म्हणून गाळा, खुर्ची, खांब, चारही दांड्या, आणि माझे राहते घर मी स्पृहा सलील कापशीकर हिला देते.

मात्र ताबा घेण्याआधी खांबाच्या बुडाचे वेल्डिंग कापून घ्यावे. ते भरदिवसा, दवाखान्याचे शटर उघडे ठेवून कापावे. सलीलने हजर राहावे असा माझा आग्रह नाही. कटरचा आवाज रस्त्यापर्यंत जातो.

स्पृहा, स्प्रिंगचा पिळा तुझ्या हाताप्रमाणे लाव, माझ्या हाताप्रमाणे नको. जास्त पिळलास तर दांडी हात ओढेल, सैल ठेवलास तर नळी मनगटावर येईल. आणि उजव्या हाताचा कोणी चांगला सोबती मिळाला तर दुपारी खांब त्याच्याकडे वळव. वेल्डिंग कोणत्याच बाजूला करायचे नाही.

चौथे कलम, किरकोळ.

बँकेतली ठेव नंदाबाईला. तिला जो झाडू पाहा म्हणाला, त्याच्या दवाखान्यात तिने जाऊ नये.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी नवी सून असताना डाव्या हाताने आंबील वाढली. सासूबाईंनी आंबिलीचे अख्खे पातेले गोठ्यात ओतले आणि पाहुण्यांना सांगितले की आंबील उतू गेली. ते पितळी पातेले स्पृहाला. त्यातून तिने ज्या हाताने वाढावेसे वाटेल त्या हाताने वाढावे.

माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेऊ नये. कोणीतरी आधी दवाखान्यात जाऊन खांब वळला का ते पाहून यावे.

पाचवे आणि शेवटचे कलम, साक्षीदारांचे.

वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, आणि साक्षीदाराला आतला मजकूर दाखवण्याची गरज नसते. त्याने फक्त सही करताना पाहायचे असते. धनसिंग चव्हाण यांना मी काही देत नाही, कारण त्यांना विचारले तर ते म्हणाले, ठनका गेला थेच लय झालं. म्हणून ते एक साक्षीदार. दुसरा साक्षीदार सलील. त्याला काहीच मिळत नसल्याने त्याच्याइतका निर्लेप माणूस मला घरात दुसरा दिसला नाही.

मृत्युपत्र नव्याने करायचे आहे एवढे त्याला कळवले आहे. तो पेढे घेऊन येतो म्हणाला. त्याच्यापुढे फक्त शेवटचे पान ठेवले जाईल. त्या पानावर सहीच्या खाली एक वाक्य आहे, जे त्याला आवडणार नाही. पण दवाखाना आपलाच आहे अशी खात्री असलेला माणूस एका वाक्यासाठी अडून बसत नाही. ते वाचले असे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे, म्हणजे पुढे न वाचता सही केली असे म्हणता येणार नाही. उद्या त्याला हे मृत्युपत्र कोर्टात खोटे पाडायचे असेल, तर कोर्ट पहिल्यांदा साक्षीदाराला बोलावील.

वरील सर्व व्यवस्था पाहण्याचे काम वकील श्रावण जिरापुरे यांनी करावे.

(येथून शेवटचे पान)

ठिकाण: माझा दवाखाना, पुसद, जिल्हा यवतमाळ.
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा आदला दिवस.

(सही) डॉ. रजनी अनंत कापशीकर

डॉ. रजनी अनंत कापशीकर यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, डाव्या हाताने वरील सही केली, आणि सही करताना त्यांचा हात जराही थरथरला नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

साक्षीदार:

१. निशाणी डावा अंगठा, धनसिंग चव्हाण, राहणार तालुका पुसद.

२. वाचले. पाहिले.
(सही) डॉ. सलील शरद कापशीकर, दंतवैद्य, पुसद.