तिघींच्या पोटात काही राहत नाई

माय, तुले जाऊन लई वर्सं झाली, तरी हे तुलेच सांगाचं आहे. अक्षर वाकडं येऊन राह्यलं. शाळेतून काढून बकऱ्यायमागं तूच धाडलं होतं, आता बोलू नको.

तू शेवटी शेवटी चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून बसत होती. सुकटाचं कालवण समोर ठेवलं तरी हात लावत नवती. सारे म्हणत, वय झालं. मलेही तेच वाटलं. औंदा धान कापल्यावर माहंही तसंच झालं. झोप नाई, भूक नाई, नात हासली तरी राग ये. सुनेनं आशाताईले सांगतलं. ते मले उपकेंद्रात सिस्टरकडे घेऊन गेली, अन् सिस्टरनं मोबाईलवर शहरातली डॉक्टरीण दाखवली. ते म्हणे, "आजी, हे म्हातारपण नाही, आजार आहे. बरा होतो." गोळी दिली. गोळीनं तोंड कोरडं पडे, म्हणून मी सोडली अन् आशाताईले सांगतलं, खाल्ली. तिनं पाकीटच पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर दारात!

"काऊन आजी, गोळ्या कोंबड्यायले चारता का?"

तिले कारण सांगतलं, त लगेच मोबाईलवर डॉक्टरीण, "तोंड कोरडं पडतं म्हणून सोडली ना?" बाप्पा! एकीले कळलं का तिघीले ठाऊक. एवढ्या चुगलखोर त माह्या जावाही नवत्या. मी तसं म्हटलं, त सिस्टर हासली, "आजी, आमाले याचाच पगार आहे."

गोळी बदलून दिली, अन् वरून काम लावलं, बाजाराच्या दिवशी चामोर्शीले एक चक्कर. पहिल्या खेपेले बसथांब्यावरूनच वापस आली. तेही तिघीले समजलं, पण रागावलं कोणी नाई. पुढच्या बाजारी आशाताई सोबत आली. मागच्या बाजारी वांगीवाल्यानं किडकं वांगं टाकलं, अन् मी असी भांडली, असी भांडली, का बाया जमल्या. आशाताईनं तिथीच फोन लावला, "सिस्टर, आजी भांडल्या!" जसा काही घरी पोरगाच झाला. मलेही हासू आवरेना. घरी येऊन भांडून बदलून आणलेल्या वांग्यासंग दोनदा भात घेतला.

तुह्या वेळी असं कोणी असतं त... जाऊ दे.

हा कागद डब्यात ठेवतो. तुह्याशी बोलतो हे आशाताईले समजलं, त सांजेपर्यंत डॉक्टरणीले समजन, अन् ते गोळी वाढवन. रोजच बोलतो, माय. एवढंच त्यायले सांगतलं नाई.