पिवळ्या खडूची खूण

गॉलर, दक्षिण ऑस्ट्रेलिया, १४ जुलै २०१९

प्रिय लॉइड,

तू आणि बेरिल सुखरूप असाल असं धरून चालतो. तुमच्या हातांची आता गरज नाही, असं कारखान्यानं एका शुक्रवारी आपल्याला सांगितलं. तो अपमान आपण दोघांनी एकत्र गिळला, म्हणून हे तुलाच लिहितोय. थंडी पडलीय. कोंबड्या अंडी देत नाहीत.

आपण सहा वर्षं खपून बांधलेली ती जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल ब्रेक लावला की डावीकडे ओढायला लागली. मंगळवारी पुढचं चाक उतरवलं. सस्पेन्शनचा खालचा आर्म चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटला केसाएवढी चीर. तू बोट ठेवलं होतंस, बरोबर तिथेच. म्हणाला होतास,

"इथे तिकोनी पट्टी मार, क्लाइव्ह. मूळ गाडीला नव्हती म्हणतोस, पण मूळ गाडीला एवढं जड इंजिन तरी कुठे होतं?"

आणि मी मोटार क्लबच्या बार्बेक्यूत, सगळ्यांसमोर म्हणालो, "तू वेल्डर आहेस, लॉइड. इंजिनिअरचं डोकं चालवू नकोस."

तीस वर्षं मी युनियनसाठी टेबलावर चढून भाषणं केली. कामगाराच्या हाताला डोकं असतं, हे मालकांच्या तोंडावर सांगितलं. आणि तुझ्या तोंडावर काय फेकलं? त्यांचंच वाक्य. तू हातातलं ताट ठेवलंस आणि बेरिलला म्हणालास, "चल, घरी जाऊ." त्याला चौदा महिने झाले. तू वीस मिनिटांवर राहतोस.

आता दोन्ही बाजूंना पट्ट्या वेल्ड केल्यात. चाकांचा कोन बघताना शेजारच्या सीटवर माणसाचं वजन लागतं. मी कोंबड्यांच्या दाण्याची चार पोती ठेवली. तुझं वजन तेवढंच धरलं. पण पोती काही "पुरे तुझं भाषण, पाना दे" म्हणत नाहीत.

रंग लावलेला नाही. कारखान्यात आपल्या लाइनवर स्वतःचा वेल्ड स्वतः पास करायचा नसे. दुसऱ्यानं बघून पिवळ्या खडूनं खूण करायची, मगच रंग. दमट हवेत पट्ट्या गंजायला लागल्यात, म्हणून रोज तेलाचा बोळा फिरवतो. क्लबातला डेस बघायला तयार होता. त्याला नको म्हटलं.

शनिवारी सकाळी ये, पिवळा खडू घेऊन. वेल्ड वाईट असेल तर कापून टाक. ग्राइंडर मी हातात देईन आणि तोंड बंद ठेवीन.

पोती सीटवरून उतरवली आहेत.

तू बरोबर असताना तुला चूक ठरवणारा,
क्लाइव्ह