खुंटीवरची माळ

अक्का,

प्रिय वगैरे लिहायची आपल्यात पद्धत नाही. एका चुलीवर भाकरी थापणाऱ्या जावा आपण. उभ्या आयुष्यात एकमेकींना गोड हाक कधी मारली असेल तर ती पाहुण्यांसमोर. पण आता तुमच्याशी बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. काल तुमच्या भावाला, दत्तूभाऊंना, पुण्याच्या दवाखान्यातून कासार आंबोलीला घरी आणून सोडलं. तुम्हाला जे झालं होतं तेच त्यांना झालंय. आणि तुम्ही जे नाव घरात कुणाला घेऊ देत नव्हता, ते मी सगळ्यांच्या देखत घेतलं. तुम्हाला दिलेला शब्द मोडला.

राग आलाय ना? येऊ द्या. पण शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

रविवारची सकाळ आठवते का तुम्हाला? मला तर अजून रविवारी ओटा झाडताना वाटतं, आता माणसं यायला लागतील. पौडहून एसटीनं यायची, पिरंगुटच्या कंपन्यांतली पोरं यायची, बंगलेवाले गाडी बांधापाशी लावून चिखल तुडवत यायचे. सगळ्यांचे डोळे पिवळे. भरे गावची काविळीवाली बाई कुठं राहते, असं विचारलं की शेंबडं पोरही आपलं घर दाखवायचं. तुम्ही अंघोळ करून, उपाशीपोटी, घेटुळीचं ओलं मूळ घेऊन बसायचात. त्याचे बारीक तुकडे करून पांढऱ्या दोऱ्यात गाठी मारत माळ बांधायचात आणि समोरच्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसवायचात. दिवसागणिक माळ वाढायची, डोक्यावरून गळ्यात यायची, गळ्यातून छातीवर. बेंबीपाशी पोचली की कावीळ उतरली. मग ती नदीत सोडायची. तोवर तेल नाही, हळद नाही, मटणाचं तर नावच नको.

एका नारळापलीकडे तुम्ही कुणाकडून काही घेतलं नाहीत. तेवढं मी आजही छाती ठोकून सांगते. आपल्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या बिहारच्या पोराला तुम्ही बजावत होता, "माला डोके से काढने का न्हाई, समजा क्या?" तो मान डोलवत होता आणि मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. बरा झाला तो. गावाला जाताना तुमच्या पाया पडून गेला.

बरीच माणसं बरी व्हायची, अक्का. तिथंच तर सगळा घोळ झाला.

तुम्हाला सुरुवात झाली ती खाजेनं. कडुलिंबाचा पाला घालून अंघोळी केल्यात, खोबरेल चोपडलंत. मग जेवण तुटलं. झंपर खांद्यावरून उतरायला लागले, ते मीच टाके घालून आवळून दिले. एक दिवस पाटावर बसलेल्या तुमच्या तोंडावर ऊन पडलं आणि मला तुमचे डोळे दिसले. मी म्हटलं, उठा, पहिला दवाखाना. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? "आख्ख्या मुळशीची कावीळ मी उतरवते, आन मी जाऊन दवाखान्यात बसू? लोक त्वांडात शेण घालतील माझ्या."

स्वतःची माळ स्वतःला घालू नये असा तुमचा नेम, म्हणून ती तुमच्या मालकांच्या, भावजींच्या हातून घालून घेतलीत. माळ वाढली. नेमानं वाढली. गळ्यात आली, छातीवर आली, बेंबीला टेकली, आणि तुम्ही ती मला वर उचलून दाखवलीत, शाळेतल्या पोरीनं बक्षीस दाखवावं तशी. तुमचे डोळे तोवर हळदीसारखे झाले होते! मी म्हटलं, माळ उतरली पण तुमची कावीळ काही उतरली नाही, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मग पाठीतून कळ निघायला लागली. पोटातलं पाठीला भिडायचं, तुम्ही उशी पोटाशी धरून ओणव्या बसायचात. तेव्हा कुठं मनीषा पुण्याहून आली आणि आईचं काही न ऐकता तुम्हाला गाडीत घालून घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. जठराच्या मागं असतं ते, तिथं गाठ झाली, तिनं पित्ताची वाट दाबली, म्हणून अंग पिवळं. यकृताची कावीळ नव्हतीच ती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टर वाईट वाटून म्हणाले, ही गाठ बहुतेकांची उशिराच सापडते, पण नुसतं पिवळं दिसलं तेव्हा आणलं असतं तर निदान प्रयत्न तरी करता आला असता.

परत येताना गाडीत तुम्ही माझा हात घट्ट धरलात. वाटलं, आता रडतील. तर म्हणालात, "कावीळ उलटली म्हनून सांगा. त्ये दुसरं नाव काढलंत तर माज्या माळंवर कुनी इस्वास ठेवायचं न्हाई. शप्पत हाय तुला, सुमन."

मी शब्द दिला. मरणाच्या दारातल्या माणसाला नाही म्हणता येतं का?

तुम्ही गेलात. गावानं तुमचं देऊळ बांधायचं तेवढं बाकी ठेवलं. बाईनं सगळ्यांच्या काविळी स्वतःच्या अंगावर घेतल्या, असं जो तो म्हणाला. ग्रामपंचायतीत भावजींनी कावीळ म्हणून सांगितलं आणि तिथं मृत्यूच्या नोंदीला तेच लागलं. दत्तूभाऊ दहाव्याला माझ्यासमोर ढसाढसा रडले, मीही रडले, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

तुमची मनीषा आता कॅन्सरच्या नोंदी ठेवतात अशा ठिकाणी काम करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोबाइलवर मला नकाशा दाखवला. या आजारानं कुठं किती माणसं मरतात त्याचा. बाहेरचे श्रीमंत देश गडद, आपल्याकडचा भाग फिका. आपल्याकडंही शहरं जरा गडद, आणि खेडी म्हणजे पाणी घातलेलं दूध. मी म्हटलं, बरं झालं बाई, आपल्याकडं हा रोग कमी आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काकी, माझी आई या नकाशात आहे का गं?"

मग ती म्हणाली, काही ठिकाणी खरंच कमी असेल, खाणंपिणं, बिडी-सिगारेट, साखर, वय, सगळ्याचा फरक पडतो. पण काही ठिकाणी फिकं दिसतं ते कुणी तपासलंच नाही म्हणून. जिथं मोठा दवाखाना जवळ तिथं आजाराला नाव मिळतं. जिथं नाही तिथं माणूस म्हातारपणानं जातो, नाहीतर काविळीनं. दरसाल आकडा वाढतोय म्हणतात, तर तो आजार वाढतोय की आता सापडायला लागलाय, हेही एकदम सांगता येत नाही. असं बोलता बोलता तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि तुमच्या फोटोला हार घालायला उठली.

अक्का, त्या दिवसापासून एकेक माणूस माझ्या डोळ्यांपुढं यायला लागलं. खालच्या आळीतले पाटलांचे म्हातारे. माळ उतरली आणि महिन्याभरात गेले. धनगरवाड्यावरची ती उंच बाई, शेळ्या विकून घरी बसली होती, सारखी खाजवायची. तिचीही माळ बेंबीपर्यंत आली होती. आपण काय म्हटलं? कावीळ तर उतरली होती, दुसऱ्याच कशानं गेली बिचारी. दुसरं काय होतं ते कुणी विचारलं नाही. तुम्हीच एकदा भाजी निवडताना मला म्हणाला होतात, "ताप न्हाई, दुखनं न्हाई, नुसतीच खाज आन पिवळेपना, त्ये मानूस काय मला धड वाटत न्हाई." म्हणजे तुमच्या डोळ्यांना दिसत होतं ना? मग त्यांना सांगितलं का नाहीत? बरं, त्यांचं राहू द्या. स्वतःची खाज तुम्हाला ओळखू आली नाही?

आता खुंटीचं सांगते.

तुमचा नेम होता, माणूस समोर बसल्याशिवाय माळ बांधायची नाही. ओली माळच लागू पडते म्हणायचात. फक्त शेवटी, अंगात त्राण राहिलं नाही तेव्हा, एक माळ आदल्या दिवशी बांधून ठेवलीत. लवळ्याचा कुणी येणार होता, तो आलाच नाही. माळ पडवीतल्या खुंटीला तशीच राहिली. तुमचं सगळं कार्य उरकल्यावर मी जाळ्या काढायला पडवीत गेले तर माळ खाली लोंबत होती. चांगली हातभर वाढून. कुणाच्या डोक्यावर नव्हती, कुणी हात लावला नव्हता. खुंटीला कसली आलीय कावीळ?

तेव्हा मी उगीच वेडंवाकडं मनात नको म्हणून गप्प बसले. पण मनीषा नकाशा दाखवून गेली आणि मला राहवेना. परड्यातून घेटुळी उपटून आणली, तुमच्यासारखीच माळ बांधली आणि माळ्यावरच्या भोपळ्याला घातली. हसा, हसा. भोपळ्याची कावीळ आठवड्यात उतरली, अक्का! ओलं मूळ वाळतं, आकसतं, गाठी सैल पडतात आणि दोरा वाढतो. बास, एवढंच आहे त्यात. साधी कावीळ पथ्यानं, विश्रांतीनं आपली आपण जाते आणि मान मात्र माळेला मिळतो. भोपळ्यापाशी बसून मी रडले. तुमचा राग आला म्हणून नाही. आधी बांधून ठेवायची नाही या नेमापायी तुम्हालाही ते कधी दिसलं नाही, तुम्हीही फसलात, म्हणून रडले. तुम्ही लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड बाई स्वतः आजारी पडल्यावर गुपचूप दवाखान्यात गेली असती.

आणि मग एका रविवारी दत्तूभाऊ आले. ओट्यावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मनगट खाजवायला लागले. मला पुढचं काही बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. डोळे पिवळे, पँट दोरीनं आवळलेली. म्हणाले, अक्काच्या हातची माळ आता कुठली, तू तिच्याजवळ बसून शिकलीस, तुझ्या हातची चालेल. भावजी आत जाऊन पाट घेऊन आले. त्यांना वाटलं, बायकोची गादी चालू राहतेय.

मी पाटावर बसले नाही. दत्तूभाऊंना हाताला धरून पडवीत नेलं, खुंटी दाखवली आणि सांगितलं. माळेचं सांगितलं, भोपळ्याचं सांगितलं आणि मग तुमचं सांगितलं. "अक्कांना कावीळ न्हवती, भाऊ. कॅन्सर हुता. स्वादुपिंडाचा. तुमची लक्षनं तीच हायेत."

भावजी ओरडले, मेलेल्या माणसाची अब्रू काढतेस का म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला मला घराबाहेर काढायचं असेल तर उद्या काढा, आज आधी यांना गाडीत घालू द्या. दत्तूभाऊ मात्र ओरडले नाहीत. खुंटीकडं बघत उभे राहिले आणि हळूच बोलले, "माझ्या सख्ख्या भनीला काय झालं हुतं त्ये मला आत्ता सांगतीयास व्हय?"

यावर तुमच्याकडं काही उत्तर आहे का, अक्का?

मनीषानं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तीच गाठ, त्याच जागी. तुमच्यापेक्षा लवकर गेलो, पण पुरेसं लवकर नाही. यकृतावर डाग आलेत. आत नळी टाकली तशी पिवळेपणा उतरला, खाज थांबली, रात्री झोप लागते म्हणतात. औषधं चालू होतील. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही आणि दत्तूभाऊंनीही मागितली नाही. त्यांच्या दोन्ही पोरांना, आणि मनीषालाही, डॉक्टरांनी तपासून घ्यायला सांगितलंय, एकाच रक्ताचे दोघं म्हणून. तुमच्या आजाराचं नाव तेव्हाच सांगितलं असतं तर दत्तूभाऊंच्या पोटाकडं कुणीतरी आधी बघितलं असतं की नाही? हा प्रश्न मी तुमच्यावर टाकून मोकळी होणार आहे. मला एकटीला तो झेपत नाही.

काल त्यांना खाटेवर टेकवलं, पाणी दिलं. निघताना त्यांनी हाक मारली. "सुमन, मी गेलो की कावीळ म्हनू नका. काय झालं त्ये सांगा. माझी पोरं हायेत अजून."

तर अक्का, माझा दुसरा शब्द ऐका, हा मी मोडणार नाही. दत्तूभाऊंची वेळ येईल तेव्हा पंचायतीत मी स्वतः जाईन आणि कुणी कितीही डोळे वटारले तरी खरं नाव सांगेन. त्याच तोंडानं तुमचंही सांगेन, मग तिथं ते लागो न लागो. तुमची रविवारची जागा मी मोडणार नाही. अंघोळ करून ओट्यावर बसेन. येईल त्याचे डोळे बघेन, खाज आहे का विचारेन, आणि मूळ न चिरता त्याला दवाखान्याच्या गाडीत बसवून देईन. लोक शिव्या देतील. परवा दोघं देऊन गेलेच. खुंटीवरची माळ मात्र मी काढणार नाही, कुणी मागितलीच तर दाखवायला राहू दे.

एवढं सगळं करून तुमचा माझ्यावरचा राग गेला नसेल तर स्वप्नात या आणि भांडा. या घरात माझ्याशी तुमच्यासारखं भांडायला आता कुणी उरलं नाही.

तुमची शपथ मोडणारी, धाकटी जाऊ
सुमन